गंजावर गंजातलं पाणी

तान्हा पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. “काका, पिस्तुलाले जंग लागला जी. घोडाही जड झाला. आत तर पाहूच नका.”

पाहणं भाग होतं. चार महिन्यांपूर्वी याच पिस्तुलाची नळी मी दिवा लावून टोकापासून टोकापर्यंत बघितली होती. जुनी होती, पण आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा) स्वच्छ होते आणि उजेड नळीभर सरळ धावत होता. आता दिवा लावला तर उजेड मधेच अडखळायचा. तळाकडच्या भागात खवले धरलेले, चिंधी घातली की तांबडी-काळी होऊन बाहेर यायची, आणि टोपी बसते ती बोंडी तर आपल्या जागी जणू डाग लावून पक्की केल्यासारखी घट्ट.

मी पोलीस खात्यात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. निवृत्तीनंतर नागपुरात एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात बसतो. दिवसभर येतात त्या बारा बोअरच्या दुनळ्या, नाहीतर पीक राखायच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका. निशाणेबाजीसाठीच घडवलेलं टोपीचं पिस्तूल सगळ्या नोकरीत आणि नंतर मिळून दोनदाच हातात आलं. त्यातलं हे दुसरं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. चूक कोणाची हे शोधता शोधता बोट शेवटी माझ्याकडेही वळलं, तेही लिहिणार आहे.

घर आणि वस्तू

घर साकोली तालुक्यातलं, मामा तलावाच्या पाळीखालचं. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. बाहेरच्यांना वाटतं कुणाच्या मामानं खोदला.) 1951 साली मालगुजारी गेली. पुढे वाटण्यांत वाडा अर्धा झाला, धानाची जमीन भावाभावांत गेली, आणि आबाजींकडे, म्हणजे फोन करणाऱ्या पोट्ट्याच्या आजोबांकडे, एक पेटी राहिली. आत लाल मखमल, मखमलीत पिस्तुलाच्या आकाराची खाच, बाजूला गज, गोळ्या ओतायचा साचा आणि दारूची पितळी कुपी.

घरात सांगतात, कामठीच्या छावणीतल्या कुण्या गोऱ्या साहेबानं पणज्याला दिलं. कामठीची छावणी 1821 पासूनची आहे, तेव्हा असेलही. कागद मात्र कुठलाच नाही. नळीला विचारलं तर ती वेगळं गाव सांगते. मूठ सोडवून नळी उलटी केली की पोटाशी लंबगोलात ‘ईएलजी’ अशी तीन अक्षरं दिसतात. हा बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या चाचणीघराचा शिक्का. 1893 पासून त्या लंबगोलावर मुकुट उमटवू लागले. इथे मुकुट नाही. म्हणजे माल त्याआधीचा.

नळी अष्टपैलू, सुमारे दहा इंच लांब, आतून आटे पाडलेली, बोअर अकरा मिलिमीटरच्या आसपास. मूठ अक्रोडाची. चाप इतका हलका की नवख्या माणसाचा बार त्याच्या मनात येण्याआधीच निघून जावा. नेम धरायला पुढे सुईच्या टोकाएवढी माशी, मागे सरकवता येणारी खाच. हे भांडायचं हत्यार नव्हे, कागदाला भोकं पाडायचं आहे.

चालतं कसं ते थोडक्यात. दारू वरून, गोळी वरून, गजानं ठासायची. तळाशी बाजूला एक पोकळ बोंडी असते, आम्ही तिला निप्पलच म्हणतो. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची, घोडा पडला की टोपी फुटते आणि ठिणगी बोंडीच्या भोकातून आत जाते. या युक्तीचं मूळ अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटलंडमधल्या पाद्र्याकडे जातं. चकमकीच्या बंदुकीचा आधी भडका उडायचा आणि तो पाहून बदकं पाण्यावरून उडून जायची, म्हणून त्यानं आघातानं पेटणारी स्फोटकं वापरायचं ठरवलं आणि 1807 मध्ये पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतरची. बदकांपायी सगळ्या जगाच्या बंदुका बदलल्या, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

कागद

आबाजी गेले ते पावसाळ्याच्या शेवटी. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावावर. गावातल्या एका जाणत्यानं सांगून टाकलं, “एवढ्या जुन्या वस्तूले परवाना कायले लागते? शोभेची आहे, ठेवा भिंतीवर.” हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की आता रागही येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात जुन्या, कालबाह्य हत्यारांना सूट आहे, पण ती ज्यातून दुरुस्ती करूनही बार निघणं शक्य नाही अशांनाच. या पिस्तुलाला दुरुस्तीचीसुद्धा गरज नव्हती. भिंतीवर टांगलं असतं तर सगळं घर बिनपरवाना शस्त्राच्या गुन्ह्यात गेलं असतं. आणि आमच्या पूर्वेकडे, गडचिरोलीच्या अंगाला, भरमार (म्हणजे ठासणीची बंदूक) हा शब्दच पोलीस वेगळ्या कानानं ऐकतात. तिथे जुनं-नवं समजावत बसायला वेळ नसतो.

मुलांनी शहाणपण केलं. कलम 21 प्रमाणे पेटी पोलीस ठाण्यात जमा केली, पावती घेतली. मग नातवानं वारस म्हणून अर्ज केला: बाकी वारसांची संमती, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक. दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात दोन दसरे आले आणि पिस्तूल ठाण्याच्या मालखान्यातच, जमा वस्तूंच्या खोलीत, होतं. हे दोन दसरे लक्षात ठेवा.

नातू साधा पोट्टा आहे, एनसीसीत रायफल चालवलेला, धानाची शेती बघून एका शाळेत शिकवायला जाणारा. त्याला पिस्तूल शोभेला नको होतं. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात हे त्यानं वाचलं होतं. एकनळी टोपीच्या पिस्तुलाच्या प्रकाराला ‘कुखेनरॉयटर’ हे जर्मन बंदूककारांच्या घराण्याचं नाव आहे, अंतर 25 मीटर, तीस मिनिटांत तेरा बार, त्यातले सर्वोत्तम दहा धरायचे. हे तो मला असं सांगायचा जसं काही पुढच्या आठवड्यात त्याला तिकडे जायचं आहे.

एप्रिल: पेटीतला पाहुणा

ठाण्यातून ताबा मिळाला तसा तो पिस्तूल घेऊन सरळ दुकानात आला, हे त्यानं फार चांगलं केलं. पहिलं काम मी प्रत्येक ठासणीच्या हत्याराला करतो ते केलं. बोंडीवर टोपी नाही याची खात्री करून गज नळीत अलगद सोडला, तोंडाशी जिथे आला तिथे नखानं खूण धरली, बाहेर काढून तोच गज नळीच्या अंगावर आडवा लावला. नळी रिकामी असेल तर गजाचं टोक बोंडीच्या रेषेपर्यंत पोचतं. इथे बोटाचं एक पेर कमी पडलं.

मी पुन्हा मोजलं. पुन्हा पेरभर कमी.

पिस्तूल भरलेलं होतं. आबाजी गेले तेव्हाही, मुलांनी उचलून ठाण्यात नेलं तेव्हाही, मालखान्यात दीड वर्ष पडून होतं तेव्हाही, आणि एसटीच्या बसमध्ये पोट्ट्याच्या मांडीवरच्या पिशवीत होतं तेव्हाही. टोपी नव्हती म्हणून चालून गेलं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तिला शिळेपण येत नाही.

ते भरलेलं का होतं, याचा माझा अंदाज असा. आबाजी दर दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की शेतात जाऊन एक बार काढत. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदापोटी केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलांनी म्हाताऱ्याला अडवलं असणार, तेव्हा भरून तयार ठेवलेलं पिस्तूल तसंच पेटीत गेलं असणार.

काढायचं कसं? भरलेल्या नळीला कोरडा गज मारायचा नाही, उष्णता द्यायची नाही, आणि बार काढून मोकळं करू हा विचार तर मुळीच करायचा नाही. नळीत वरून आणि बोंडीच्या भोकातून पाणी मुरवलं, दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला स्क्रू लावून शिशाची गोळी ओढली, मागोमाग काळा चिखल निघाला. हे काम घरी करण्याचं नाही. मीही ते करताना नळीचं तोंड कुणाच्याच दिशेला ठेवलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

मग नळी पाण्यानं धुतली, वाळवली, तपासली, फोटो काढून त्याच्या वहीत लावले. आणि इथे माझी चूक झाली. धुतलं मी. त्यानं पाहिलं नाही, कारण तो तेव्हा चहा प्यायला गेला होता. जाताना मी त्याला एवढंच म्हणालो, “बार काढले की नीट साफ करून, तेल लावून ठेवजो.” नीट म्हणजे कसं, ते सांगितलं नाही. चाळीस वर्षं ज्या कामात गेली त्यातली पहिली पायरी दुसऱ्याला ठाऊकच असणार, असं माणूस धरून चालतो.

मे: तेरा बार

मेच्या शेवटच्या आठवड्यात परवानगी असलेल्या एका रेंजवर त्यानं बार काढले. दारू आणि टोप्या परवान्यावर नोंद करून विक्रेत्याकडून घेतलेल्या. मोजून तेरा बार, स्पर्धेसारखे. नागपूरचा मे तुम्हाला माहीतच आहे. असल्या कोरड्या उन्हात काळ्या दारूची राख नळीत ओली राहत नाही, तव्याला लागलेल्या पिठल्यासारखी कडक धरते. सातव्या बारानंतर गोळी उतरेना. तिथल्या एका जुन्या माणसानं ओल्या चिंधीनं प्रत्येक बारानंतर पुसायला सांगितलं, तेव्हा उरलेले सहा निघाले.

मधेच एक भलताच सल्ला मिळाला होता, तो नोंदवतो. बघायला आलेला एक जण म्हणाला, “दारूचा धूर कायले खाता, बारा बोअरचं काडतूस फोडा, तेवढ्यात काम भागते.” पोट्ट्यानं ऐकलं नाही, म्हणून त्याचा उजवा हात आज जागेवर आहे. काडतुसातली बिनधुराची दारू दिसायला दारू, पण तिचा जोर काळ्या दारूच्या नळीला झेपणारा नसतो. नळी कमळासारखी उमलते. काळ्या दारूच्या हत्यारात काळीच दारू, यात तडजोड नाही. फटाक्याची नाही, घरी कुटलेली नाही, काडतुसातली नाही.

बार झाल्यावर त्यानं सगळं मनापासून केलं. कोरड्या चिंध्या, मग तेलाच्या चिंध्या, अर्धा तास. शेवटची चिंधी जवळजवळ पांढरी आली. मखमलीच्या पेटीत ठेवून कपाटाला कुलूप लावलं. पंधरा दिवसांत मृग लागला.

पोळ्यानंतर: कुणी खाल्लं?

दुकानात पिस्तुलाबरोबर काकाही आले होते, म्हणजे नातवाचे मोठे काका. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. “साहेब, मालखान्यातच सडलं हे. भिंतीले पोपडे आहेत तिथल्या, मी डोळ्यानं पाह्यलं. तक्रार करू का नाही, एवढंच सांगा.”

मालखान्याची बाजू घ्यायची मला काही हौस नाही. ओल धरलेल्या खोल्यांत बंदुका कशा वाळवीला लागतात ते मी नोकरीत पाहिलंय. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं जमा होतात, त्यांतली कितीतरी परत जाताना तांबडी असतात. पण या वेळी ते खरं नव्हतं. एक तर एप्रिलचे फोटो होते. दुसरं म्हणजे डाग कुठे पडलेत ते पाहा.

ओलीनं येणारा गंज बाहेरून येतो. हत्यार ज्या कुशीवर पडलेलं असतं त्या कुशीवर, जिथे घामट हात लागला तिथे. या पिस्तुलाची बाहेरची अंगं बरी होती. गंज होता तो नळीच्या आत, तळाशी सगळ्यात जास्त, तोंडाकडे कमी कमी होत गेलेला. बोंडीच्या बुडाशी कड्यासारखा. घोड्याच्या खोबणीत, जिथे टोपी फुटते. आणि नळीच्या ज्या बाजूला बोंडी आहे त्या बाजूच्या लाकडाखाली, जिथे धूर शिरतो. म्हणजे जिथे जिथे आग पोचली, बरोबर तिथेच. हा ओलीचा गंज नाही, बाराचा आहे.

काका मानायला तयार नव्हते. “पण त्यानं तर बाटलीभर तेल लावलं जी!”

तेच तर झालं.

काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की सगळी धूर होऊन उडून जात नाही. वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे राहतो. त्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. टोपीत क्लोरेट असेल तर तिच्या राखेत आणखी एक क्षार येतो, जवळजवळ मिठाचाच भाऊ. हे सगळे क्षार हवेतलं पाणी ओढतात. काकांना मी रसायनशास्त्र सांगितलं नाही. विचारलं, “युरियाची फुटकी थैली तुम्ही श्रावणात कोठीत ठेवली तर?”

“पाझरते.”

“आणि तिला टेकून टिनाचा डबा ठेवला तर?”

ते गप्प बसले. शेतकऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही.

आता या क्षारांवर तेल टाकलं तर काय होतं? मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. तेलानं राख पुसली जाते असं वाटतं, चिंधी पांढरी येते, पण लोखंडाच्या बारीक छिद्रांत आणि आट्यांच्या कोपऱ्यांत क्षार तसाच राहतो, वर तेलाचं झाकण. मे महिन्यात हवेत पाणीच नव्हतं म्हणून काही झालं नाही. जूनमध्ये हवा ओली झाली, मखमलीनं ती ओल पिऊन घेतली, आणि क्षारानं मखमलीतून हवं तेवढं पाणी घेतलं. पोट्ट्यानं पिस्तूल कोरडं ठेवलं म्हणून ते गंजलं. बार झाल्या दिवशी त्याला पाण्यानं अंघोळ घालायला हवी होती.

लोखंडाला पाणी लावू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. विळा, नांगराचा फाळ, सायकलची चेन, सगळ्यांना ते खरं आहे. म्हणून तर या एका वस्तूला ते खोटं आहे हे सांगावं लागतं, आणि मी ते एप्रिलमध्ये सांगितलं नव्हतं. काकांपुढे तसं म्हणालो. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले, मग तक्रारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

काकांचेही दोन पराक्रम होते. एक, घोडा जड वाटला म्हणून त्यांनी यंत्रात घरचं जवसाचं तेल सोडलं. जवस लाकडाला अमृत आहे. हातावर दोन थेंब घेऊन अक्रोडाच्या मुठीला चोळलं तर वैशाखात सुकलेलं लाकूड पुन्हा जिवंत होतं. पण जवसाचं तेल वाळून पापुद्रा धरतं, म्हणूनच ते रंगात वापरतात. कमानीवर आणि खटक्यावर ते गोंद झालं होतं. दोन, नळीच्या पोटाला तांबूस डाग दिसला म्हणून पॉलिश पेपर फिरवला. ‘ईएलजी’तला ‘जी’ अर्धा गेला. दीडशे वर्षांच्या आसपासची ती तपकिरी झाक गेली ती गेली, कोणतंही पॉलिश ती परत आणणार नाही. शिवाय परवाना नातवाच्या नावावर. काकांनी ते हातात घेऊन घासत बसणं कायद्याच्या दृष्टीनंही बरोबर नव्हतं. हे मी हळू आवाजात सांगितलं.

गंज म्हणजे काय

इकडे विदर्भात गंज म्हणजे पातेलं. गंजभर चहा, गंजात वरण. लोखंडाला लागतो तो जंग. पुण्याकडच्या माणसाला हे सांगताना दरवेळी गोंधळ होतो, पण या प्रकरणात दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे निघाले.

एप्रिलमधली पहिली धुलाई मी दुकानातच केली होती, पण दुसरी त्यांच्या घरी, त्याच्या हातून करवून घ्यायची ठरवली. या वेळी चहाला जाऊ द्यायचं नव्हतं. चुलीवर गंजभर पाणी ठेवायला सांगितलं तेव्हा आतून आजी म्हणाल्या, “आंघोळ घालता का त्याले? आबाजी घालत.”

नातवानं विचारलं, “कधी?”

“दसऱ्याले. बार काढून आले का मले म्हणत, गंज ठेव. राखेनं नाही, रिठ्याच्या पाण्यानं धुवत. मग पूजेले ठेवत. देवाची वस्तू, धुवूनच ठेवा लागते.”

दर वर्षी होत होतं ते, आजींच्या डोळ्यांसमोर. पण घरात ते पूजेत धरलं गेलं, साफसफाईत नाही. पिस्तूल दोन दसरे मालखान्यात राहिलं, बारही नाही आणि अंघोळही नाही, आणि पूजेतली ती एक पायरी गळून पडली. आबाजींना क्षारांचं माहीत होतं का? त्यांना कुणी तरी कधी तरी सांगितलं असेल, कदाचित पणज्यानं. आजींना मी ते समजावून सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, “तेच तर म्हणते मी, धुवा लागते.”

धुणं

आधी बोंडी काढायची होती आणि ती निघत नव्हती. पाना लावून जोर केला असता तर मान तुटून आत राहिली असती. पातळ तेल बुडाशी सोडून चार दिवस ठेवलं, रोज थोडं. पाचव्या दिवशी अंगाचा पाना घट्ट बसवून आधी हलकेच आवळायच्या दिशेनं हलवली, मग उलट. कुरकुरत सुटली. तिचं भोक टोपीच्या आगीनं आणि गंजानं खाऊन मोठं झालं होतं. भोक मोठं झालं की बार होताना आग मागे येते, घोडा उडतो, फुटक्या टोपीचे तुकडे चेहऱ्यापर्यंत येतात. ती बोंडी परत वापरायची नाही.

मग पाचर ठोकून नळी लाकडातून सोडवली. लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही. भिजली की मूठ फुगते आणि नळीची बैठक बिघडते. नळीचा तळ गंजातल्या गरम पाण्यात बुडवला, पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. गजाला चिंधी बांधून वरून खाली-वर केली की बोंडीच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं आत-बाहेर होतं. पहिलं पाणी शाईसारखं काळं, आणि वास सडलेल्या अंड्यांचा. गंधकाचा तो वास आला की समजायचं, अजून आहे. पाच वेळा पाणी बदललं. शेवटचं पाणी हात लागणार नाही इतकं गरम, म्हणजे नळी तापून आपोआप वाळते. वाळताना क्षणभर फिकी नारिंगी झाक येते, तिला घाबरायचं नाही, लगेच कोरडी चिंधी आणि मग तेलाची चिंधी. तेल आता लावायचं, सगळ्यात शेवटी, आणि थोडं. पुन्हा बार काढायचे असतील तेव्हा तेही पुसून टाकायचं. खनिज तेल आणि काळी दारू मिळून डांबर होतं. रेंजवर गोळीच्या चिंधीला मेण आणि चरबीचं मिश्रण बरं.

घोड्याचं यंत्र वेगळं काढून त्यातला जवसाचा गोंद रॉकेलनं सोडवला, फक्त दोन थेंब पातळ तेल दिलं. इथे पोट्ट्याची एक सवय मोडली. बसल्या बसल्या घोडा चढवून रिकाम्या बोंडीवर सोडायचा, टक् टक्. बोंडीचं तोंड त्यानं चपटं होतं आणि टोपी नीट बसत नाही. सराव करायचाच तर मधे चामड्याचा तुकडा ठेवायचा.

पेटी मात्र बाजूला काढली. मखमल सुंदर आहे, वस्तूला मारक आहे. पावसाळ्यात पिस्तूल तेलाच्या सुती फडक्यात, लोखंडी कपाटात, कुलपात, सोबत सिलिका जेलची पुडी. तिचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करायचे. पेटी दिवाणखान्यात रिकामी मांडली तरी पाहुण्यांना चालते.

काय उरलं

धुतल्यावर नळीत खड्डे दिसले. तळाशी सात-आठ, त्यातले दोन नखाला लागतील असे. नळीच्या भिंतीला धोका वाटेल इतके खोल ते नाहीत, पण बोंडी बसते त्या जागेचे आटे खाऊन सैल झालेत आणि खरा प्रश्न तिथे आहे. नवी बोंडी लेथवर करावी लागेल, कारण बाजारातली या जुन्या आट्यात बसत नाही, आणि आधी बैठक दुरुस्त करावी लागेल. ते होईपर्यंत मी दुकानाच्या वहीत लिहून दिलं: बार काढू नये. नातवाचा चेहरा उतरला. पुढच्या उन्हाळ्याचं म्हणाला. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तोवर तो दहा मीटरवर एअर पिस्तूल चालवतो. हात चांगला आहे.

दसऱ्याला बार झाला नाही, व्हायचाही नव्हता. पण आजींनी गंज ठेवला. बार नसताना धुवायची काही गरज नव्हती, मी तसं फोनवर सांगितलंही. त्यांनी ऐकलं नाही, आणि नातवानंही आजीचंच ऐकलं. एका अर्थी बरं झालं. पाणी स्वच्छ आलं, वास नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यानं सवयीनं कोरडी चिंधी फिरवली तर टोकाला पुसट तांबडा डाग, त्या दोन खोल खड्ड्यांच्या जागी. फोटो पाठवला, खाली विचारलं होतं, “काका, आता?”

मी लिहिलं, “गंज ठेव.”

उत्तर आलं, “कोणता?”